मेमटेस्ट८६ प्लस: सोलापूरच्या उन्हात आणि सुताच्या धुळीत बंद पडणाऱ्या कॉम्प्युटरसाठी कितपत उपयोगी?

टॅलीत एंट्री चालू असताना कॉम्प्युटर अचानक रीस्टार्ट होतो, निळा स्क्रीन येतो, कोरल ड्रॉची फाइल सेव्ह करताना सगळं जागच्या जागी थिजतं. अशा वेळी सोलापुरात पहिला सल्ला ठरलेला असतो: "फॉरमॅट मारून घ्या." फॉरमॅटने व्हायरस जातो, बिघडलेला ड्रायव्हर जातो. रॅममधला खराब सेल, दमलेला एसएमपीएस (मशीनला वीज पुरवणारा डबा) किंवा सीपीयू आणि त्याच्या कूलरमधली वाळलेली पेस्ट मात्र तशीच राहते. आठ-दहा दिवसांनी तोच त्रास पुन्हा सुरू होतो आणि मधल्या काळात विंडोज, टॅली, प्रिंटर सगळं नव्याने बसवण्याचा खर्च झालेला असतो. दोष सॉफ्टवेअरचा की हार्डवेअरचा, हे आधी ठरायला हवं. त्यातला रॅमचा भाग फुकटात आणि खात्रीने ठरवणारं साधन म्हणजे मेमटेस्ट८६ प्लस.

निकाल आधीच सांगून टाकू. रॅम तपासायला याच्याइतकं भरवशाचं मोफत साधन दुसरं नाही. पण ते एकाच प्रश्नाचं उत्तर देतं आणि त्या उत्तराचा अर्थ लावणं वापरणाऱ्यावर सोडतं. अर्थ चुकला की चांगली रॅम बदलली जाते आणि खरा दोष मदरबोर्डच्या स्लॉटमध्ये तसाच राहतो. म्हणून या परीक्षणात साधनाच्या गुणांपेक्षा त्याच्या निकालाचं काय करायचं यावर जास्त भर आहे.

मूळ मेमटेस्ट८६ हा प्रोग्रॅम ख्रिस ब्रॅडी यांनी १९९४ साली लिहिला. त्यावरून २००४ मध्ये मेमटेस्ट८६ प्लस हा स्वतंत्र फाटा निघाला. मधली बरीच वर्षं तो जवळजवळ थांबलेला होता आणि नव्या यूईएफआय (जुन्या बायोसची जागा घेणारी, मशीन सुरू करणारी प्रणाली) मशीनवर चालतच नव्हता. ऑक्टोबर २०२२ मध्ये ६.०० आवृत्ती आली. तिचा गाभा नव्याने लिहिलेला आहे, यूईएफआय आणि जुना बायोस दोन्हींवर ती चालते, डीडीआर५ ही नव्या पिढीची रॅम ओळखते. कोणी पेनड्राइव्हवर जुनी ५.०१ आवृत्ती देत असेल तर ती घेऊ नका. नवीन आवृत्ती मेमटेस्ट डॉट ऑर्ग या मूळ साइटवरूनच उतरवा. परवाना जीपीएल हा मुक्त सॉफ्टवेअरचा असल्यामुळे दुकानात, कारखान्यात, शाळेच्या लॅबमध्ये कितीही मशीनवर वापरली तरी पैसे द्यावे लागत नाहीत.

हा प्रोग्रॅम विंडोजच्या आत चालत नाही, पेनड्राइव्हवरून थेट सुरू होतो. त्याचं कारण समजून घेतलं पाहिजे. विंडोज चालू असताना रॅमचा मोठा हिस्सा विंडोज स्वतःच अडवून बसलेलं असतं आणि तेवढा भाग तपासता येत नाही. मेमटेस्ट स्वतः फार थोडी जागा घेतो आणि चाचणीदरम्यान त्या जागेवरूनही सरकून तिथली मेमरी तपासतो. त्यामुळे जवळजवळ सगळी रॅम तपासली जाते.

पेनड्राइव्ह तयार करणं दहा मिनिटांचं काम आहे. १ जीबीचा जुना पेनड्राइव्हही पुरतो, फक्त त्यावरचं सगळं पुसलं जाईल हे लक्षात ठेवा. विंडोजसाठीचा यूएसबी इन्स्टॉलर साइटवरच मिळतो, नाहीतर आयएसओ फाइल रुफस या प्रोग्रॅमने पेनड्राइव्हवर लिहा. मशीन चालू करताना बूट मेनूचं बटण दाबायचं: डेल आणि लेनोव्होला बहुतेक एफ१२, एचपीला एफ९, असूसच्या डेस्कटॉप बोर्डला एफ८, गिगाबाइटला एफ१२, एमएसआय आणि अझरॉकला एफ११. पेनड्राइव्ह यादीत दिसतो पण सुरू होत नाही, अशी तक्रार आली तर बहुतेक वेळा कारण सिक्युअर बूट, म्हणजे मान्यता नसलेला प्रोग्रॅम सुरू होऊ न देणारी सेटिंग, असतं. ते बायोसमध्ये जाऊन तात्पुरतं बंद करावं लागतं.

इथे एक धोका आहे आणि लॅपटॉपवाल्यांनी तो गंभीरपणे घ्यावा. विंडोज ११ च्या बऱ्याच नव्या लॅपटॉपमध्ये डिस्क एन्क्रिप्शन आपोआप चालू असतं. सिक्युअर बूटला हात लावला की पुढच्या वेळी विंडोज सुरू होताना ४८ अंकी रिकव्हरी की मागितली जाऊ शकते. ती आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते. आधी ती मिळते का पाहा, कागदावर लिहून घ्या आणि मगच बायोस उघडा. ग्राहकाच्या लॅपटॉपवर हे न विचारता करणाऱ्या कारागिराने त्याच्या डेटाला कायमचं कुलूप लावण्याची जोखीम घेतलेली असते.

चाचणी कधी लावायची

सोलापुरात हा प्रश्न पुण्यापेक्षा जास्त महत्त्वाचा आहे. एप्रिल-मेमध्ये इथे पारा ४० च्या वर असतो, कधी ४३-४४ ला टेकतो. पत्र्याच्या छताखालच्या ऑफिसात आतलं तापमान त्याहून कमी नसतं. सीपीयू भार असताना खोलीपेक्षा ५० अंशांनी जास्त तापतो असं धरा. डिसेंबरच्या रात्री २५ अंशांच्या खोलीत तो ७५ वर राहील, मे महिन्यात दुपारी ४० अंशांत ९० वर जाईल. मशीन तेच, काम तेच, पण एक तऱ्हा सुरक्षित आणि दुसरी काठावरची.

रॅमचंही तसंच आहे. डीरॅमचा प्रत्येक सेल म्हणजे अगदी छोटा विद्युतभार धरून ठेवणारा कपॅसिटर. तापमान वाढलं की हा भार लवकर गळतो. म्हणूनच रॅमच्या मानकांत ८५ अंशांच्या वर रिफ्रेश दुप्पट वेगाने करण्याची तरतूद आहे. एखादा सेल मुळातच कमजोर असेल तर तो रात्री पास होतो आणि दुपारी तीनला नापास होतो. "दुकानात दोन दिवस ठेवलं, काहीच झालं नाही, घरी आणलं की बंद पडतं" या तक्रारीत तक्रार करणारा बहुधा खरं बोलत असतो. दुकानात एसी असतो, कॅबिनेट उघडं असतं आणि वीज चांगल्या यूपीएसवरून येते.

तेव्हा चाचणी मशीनच्या नेहमीच्या जागेवर, कॅबिनेटचं झाकण लावून, दुपारी बारा ते पाच या वेळेत लावा. पहिल्यांदा पंखे आणि जाळ्या साफ करू नका, आहे तशाच स्थितीत एक फेरी होऊ द्या. दोष दिसला की साफसफाई करून पुन्हा लावा. साफ केल्यावर दोष गेला तर तोही निदानाचाच भाग आहे. आधीच सगळं पुसून टाकलं तर कशामुळे बरं झालं हे कधीच कळणार नाही.

स्क्रीनवर काय दिसतं

वर डावीकडे सीपीयूचं नाव, कॅश, मेमरीचा वेग आणि सीपीयूचं तापमान. मध्ये चालू चाचणीचा क्रमांक, खाली एररची जागा. चाचण्या ० ते १० अशा अकरा आहेत. पहिल्या तीन पत्त्याच्या वायरिंगच्या चुका पकडतात, म्हणजे एका पत्त्यावर लिहिलेलं दुसरीकडेच जातं का हे पाहतात. ३ ते ७ यांतल्या बहुतेक शून्य-एकच्या नमुन्यांची उलटापालट करणाऱ्या. त्यांतल्या एकीत डेटाचे मोठे ठोकळे इकडून तिकडे हलवले जातात. रॅमसोबत मेमरी कंट्रोलरवरही ताण येतो, त्यामुळे वेग न झेपणारी रॅम इथे लवकर उघडी पडते. ८ आणि ९ यादृच्छिक नमुन्यांच्या. १० व्या चाचणीत रॅम भरून थोडा वेळ थांबतात आणि भार गळला का ते तपासतात. उन्हाळ्यातल्या दोषासाठी हीच मोलाची, आणि लोक कंटाळून नेमकी हीच अर्ध्यावर सोडतात.

पहिली फेरी मुद्दाम छोटी ठेवलेली असते, त्यामुळे एका फेरीवर विसंबू नये. ८ जीबीच्या साध्या ऑफिस मशीनला एका पूर्ण फेरीला साधारण पाऊण ते दीड तास धरा, ३२ जीबीला त्याच्या कित्येक पट. किमान चार फेऱ्या व्हाव्यात. दोष अधूनमधून दिसणारा असेल तर रात्रभर आणि दुसऱ्या दिवशीची दुपार धरून चालू ठेवा. मध्ये वीज गेली तर सगळं मुळापासून करावं लागतं, तेव्हा यूपीएस हवाच.

स्वीकारार्ह एररची संख्या शून्य. चार फेऱ्यांत एकच एरर आला म्हणून "चालतंय" म्हणणं चूक आहे. त्याच एका बिटमुळे टॅलीच्या फाइलमधला एखादा आकडा बदलू शकतो आणि निळा स्क्रीन न येताही नुकसान होऊन जातं.

लाल ओळी आल्या, आता पुढे?

इथेच सर्वात जास्त चुका होतात. लाल ओळ दिसली की "रॅम गेली" असा निष्कर्ष काढून नवी घेतली जाते. मेमटेस्ट प्रत्यक्षात एवढंच सांगतो: जे लिहिलं ते परत वाचलं तेव्हा तसं आलं नाही. लिहिणं आणि वाचणं या वाटेवर रॅम, स्लॉट, मदरबोर्डवरच्या वाटा, सीपीयूच्या आतला मेमरी कंट्रोलर आणि या सगळ्यांना मिळणारी वीज एवढे सगळे आहेत.

पहिलं काम: बायोसमध्ये जाऊन एक्सएमपी किंवा एक्स्पो, म्हणजे रॅम वाढीव वेगाने चालवणारी सेटिंग, बंद करा. पाकिटावर ३६०० लिहिलेली डीडीआर४ रॅम त्या वेगाने चालते ती १.३५ व्होल्टवर आणि वाढवलेल्या सेटिंगवर. प्रमाणित डीडीआर४ चा व्होल्टेज १.२ आहे आणि मानकातला कमाल वेग ३२००. एक्सएमपी बंद केल्यावर एरर गेले तर रॅम मेलेली नाही. त्या बोर्ड आणि सीपीयूच्या जोडीला तो वेग झेपत नाही. वेग एक पायरी उतरवा, ३२०० वर चालवा. टॅली, ब्राउझर किंवा बिलिंगला त्याने जाणवण्यासारखा फरक पडत नाही.

तरीही एरर असतील तर एकेक करून तपासायचं. मशीन बंद, प्लग काढा, पॉवर बटण दहा सेकंद दाबून उरलेला भार जाऊ द्या. कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावा. इथल्या कोरड्या उन्हाळ्यात आणि सिंथेटिक कपड्यांत अंगावर स्थिर वीज सहज साठते. रॅमवर खडूने किंवा स्टिकरने अ आणि ब अशी खूण करा. खूण न करता सुरुवात केली की तिसऱ्या अदलाबदलीला गोंधळ होतो. मग फक्त अ लावून चाचणी. चार स्लॉटच्या बोर्डवर एकच रॅम लावायची ती बहुतेक वेळा सीपीयूपासून दुसऱ्या स्लॉटमध्ये. नंतर त्याच स्लॉटमध्ये ब. नंतर दोन्ही, एकेक करून, दुसऱ्या चॅनलच्या स्लॉटमध्ये.

निकाल असे वाचा. अ कुठेही लावली तरी एरर आणि ब कुठेही लावली तरी साफ, म्हणजे अ खराब. अशा वेळी पत्तेही बरेचदा एकाच भागातले आणि चुकलेला बिटही तोच येतो. दोन्ही रॅम एका स्लॉटमध्ये नापास आणि दुसऱ्यात पास, म्हणजे दोष स्लॉटचा, बोर्डचा किंवा सीपीयूच्या सॉकेटचा. इंटेलच्या सॉकेटमधली एखादी पिन वाकली असेल किंवा कूलरचे स्क्रू एका बाजूला जास्त आवळले असतील तरी एक चॅनल असाच वागतो; कूलर काढून पुन्हा तिरक्या क्रमाने सारखा आवळला की कधीकधी तो सुधारतो. दोन्ही रॅम सर्व स्लॉटमध्ये नापास होत असतील तर रॅम घ्यायला जाऊ नका. एसएमपीएस बदलून पाहा, बायोस मूळ सेटिंगवर आणा, मग सीपीयू आणि बोर्डकडे वळा. आणि दोन्ही वेगवेगळ्या पास, एकत्र नापास असं असेल तर बहुधा वेगवेगळ्या बनावटीच्या रॅम एकत्र लावलेल्या असतात. एकाच पॅकमधली जोडी घ्या.

रॅम काढलीच आहे तर सोनेरी पट्ट्या पाहा. काळपट झाल्या असतील तर स्वच्छ पांढऱ्या खोडरबरने हलक्या हाताने एकाच दिशेने घासा, कण ब्रशने झाडा, ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या सुती कापडाने पुसा. पेट्रोल, थिनर वापरू नका. स्लॉटमध्ये ब्लोअर मारताना पंखे बोटाने धरून ठेवा, नाहीतर ते वेगाने फिरून बेअरिंग खराब होतं. अक्कलकोट रोड एमआयडीसीतली किंवा पूर्व भागातली यंत्रमागाशेजारची ऑफिसं असोत, मशीनमधली धूळ साध्या मातीची नसते. ती टॉवेल आणि चादरीच्या सुताचे बारीक तंतू असते. ती हीटसिंकच्या पात्यांवर नमद्यासारखी चिकटून बसते आणि नुसत्या ब्लोअरने निघत नाही. पंखा सोडवून मधला थर चिमट्याने ओढून काढावा लागतो. अशा ठिकाणी दर दोन महिन्यांनी हे काम करा. खोलीत पाण्याचा कूलर असेल तर त्याची हवा कॅबिनेटच्या मागच्या बाजूवर थेट येऊ देऊ नका. ओला झोत आणि सुताची धूळ एकत्र आली की पात्यांमध्ये लगदा होतो.

डीडीआर५ असलेल्या मशीनवर रॅम बदलल्यावर पहिल्यांदा काही मिनिटं स्क्रीन काळा राहू शकतो. बोर्ड रॅमचं ट्रेनिंग करत असतो. घाबरून मध्येच वीज तोडू नका.

लॅपटॉपची रॅम बोर्डवर सोल्डर केलेली असेल तर ही अदलाबदल शक्यच नाही. मेमटेस्ट खराब पत्त्यांची यादी बॅडरॅमच्या स्वरूपात देतो आणि लिनक्समध्ये ग्रबला (लिनक्स सुरू करणारा प्रोग्रॅम) ती दिली की तेवढा भाग वापरातून वगळता येतो. विद्यार्थ्याचा जुना लॅपटॉप परीक्षेपर्यंत ढकलायला हे ठीक. हिशेबाच्या मशीनवर करू नये, कारण खराब सेलचे शेजारीही पुढे खराब होऊ शकतात.

चार फेऱ्या साफ, तरीही मशीन पडतं

मेमटेस्टची मर्यादा इथे सुरू होते. तो ग्राफिक्स कार्ड चालवत नाही, डिस्कला हात लावत नाही, एसएमपीएसवर गेम किंवा रेंडरिंगइतका भार टाकत नाही. साफ निकालाचा अर्थ रॅमची वाट बरीचशी निर्दोष, एवढाच.

पुढचा धागा विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये असतो. सिस्टिम लॉगमध्ये कर्नल-पॉवर ४१ ही नोंद पाहा. तिच्या तपशिलात बगचेक कोड शून्य असेल तर विंडोजला निळा स्क्रीन दाखवायलाही वेळ मिळाला नाही: वीज तुटली किंवा मशीन पूर्ण गोठलं. कोड शून्य नसेल तर निळा स्क्रीन आला होता, आणि त्यावरचं नाव उपयोगी पडतं. मेमरी मॅनेजमेंट किंवा पेज फॉल्ट इन नॉनपेज्ड एरिया हे पुन्हा पुन्हा, प्रत्येक वेळी वेगळ्या फाइलच्या नावाने येत असतील तर रॅमकडे बोट जातं. एकाच ड्रायव्हरच्या नावाने येत असतील तर त्या ड्रायव्हरकडे. कर्नल डेटा इनपेज एरर म्हणजे बहुधा डिस्क किंवा तिची केबल. डब्ल्यूएचईए लॉगरची १८ क्रमांकाची नोंद म्हणजे हार्डवेअरने स्वतःच गंभीर दोष कळवला आहे. ही नोंद दिसल्यावर विंडोज पुन्हा टाकण्यात अर्थ नाही.

सोलापुरात बगचेक शून्यवाली मशीनं जास्त सापडतात आणि त्यांचा रस्ता विजेकडे जातो. पहिला संशयित यूपीएस. ६०० व्हीए यूपीएसमधली १२ व्होल्ट ७ अँपिअर-तासाची बॅटरी या उष्णतेत दोन-तीन वर्षांत संपते, दिवा मात्र हिरवाच राहतो. शेजारचे माग सुरू झाले किंवा मोटर लागली की व्होल्टेज क्षणभर दबतो, यूपीएस बॅटरीवर जाऊ पाहतो, बॅटरीत काही नसतं आणि मशीन रीस्टार्ट होतं. दोष कॉम्प्युटरच्या नावावर जातो. तपासणी सोपी आहे. सगळं सेव्ह करून बंद करा, यूपीएसवर ६० वॉटचा जुना बल्ब लावा आणि भिंतीवरचं बटण बंद करा. बल्ब काही मिनिटंही टिकला नाही तर बॅटरी बदला.

दुसरा संशयित एसएमपीएस. मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवून, मशीन चालू आणि कामात असताना मोलेक्स कनेक्टरवर मोजा: पिवळी आणि काळी वायर ११.४ ते १२.६ च्या आत, लाल आणि काळी ४.७५ ते ५.२५ च्या आत हवी. २४ पिनच्या कनेक्टरवर नारिंगी ३.१४ ते ३.४६. भार वाढला की १२ चे ११.३ होत असतील तर एसएमपीएस संपला. मात्र आकडे बरोबर आले म्हणून तो निर्दोष ठरत नाही. मल्टिमीटरला रिपल, म्हणजे व्होल्टेजमधली वेगवान चढउतार, दिसत नाही. खात्री करायची तर चांगल्या कंपनीचा, पुरेशा वॉटचा दुसरा एसएमपीएस लावून त्याच भारावर दोन दिवस चालवणं हाच मार्ग. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचं आयुष्य दर १० अंशांच्या वाढीला साधारण निम्मं होतं, त्यामुळे थंड शहरात सात वर्षं चाललेला स्वस्त एसएमपीएस इथे तितका टिकेल अशी अपेक्षा ठेवू नये. एसएमपीएसचा डबा उघडायला जाऊ नका, आत प्लग काढल्यावरही धोकादायक भार असतो. मदरबोर्डवर मात्र सीपीयूभोवतीचे कपॅसिटर डोळ्यांनी पाहा: वरचा भाग सपाट हवा, फुगलेला किंवा तपकिरी ओघळ आलेला असेल तर कारण सापडलं.

उष्णतेसाठी एचडब्ल्यूइन्फो हा तापमान दाखवणारा प्रोग्रॅम चालू ठेवून काम करा. सीपीयू १०० अंशांच्या आसपास जाऊन आधी मंद होतो आणि मग बंद पडतो. पेस्ट तीन-चार वर्षांची असेल तर बदला. जुनी पूर्ण पुसून ज्वारीच्या चार-पाच दाण्यांएवढी मध्यभागी पुरे. जास्त लावल्याने थंड होत नाही, उलट बाजूला सांडते.

डिस्कसाठी क्रिस्टलडिस्कइन्फो हा प्रोग्रॅम. ०५, सी५ आणि सी६ या डिस्कवरचे खराब किंवा वाचता न येणारे भाग मोजणाऱ्या ओळींचे आकडे शून्य हवेत. सी५ वाढत असेल तर दुसरं काहीही करण्याआधी डेटा काढून घ्या. सी७ (केबलवरच्या चुका) वाढत असेल तर आधी साटा केबल बदला. कित्येकदा डिस्क चांगली असते.

ग्राफिक्स कार्डाचं थोडक्यात: फक्त गेममध्ये किंवा रेंडरिंगमध्ये पडणारं मशीन, स्क्रीनवर चौकोन आणि रेघा, ही त्याची लक्षणं. पॉवर केबल वेगळी काढून नीट लावा, मग कार्ड दुसऱ्या मशीनवर तपासा.

इंटेलच्या १३ व्या आणि १४ व्या पिढीच्या डेस्कटॉप सीपीयूंची वेगळी नोंद हवी. मेमटेस्ट साफ, तापमान ठीक, तरी गेम सुरू होताना "व्हिडिओ मेमरी संपली" असा विचित्र संदेश किंवा झिप उघडताना सीआरसी एरर (फाइल जुळत नसल्याची चूक), हा त्यांतल्या दोषाचा ओळखीचा चेहरा. जास्त व्होल्टेजमुळे सीपीयू हळूहळू झिजतो हे इंटेलने २०२४ मध्ये मान्य केलं आणि मायक्रोकोड, म्हणजे सीपीयूच्या आतल्या सूचनांची दुरुस्ती, दिला. तो बायोस अपडेटमधून येतो. त्याने झीज थांबते, झालेली भरून येत नाही. या सीपीयूंची वॉरंटी दोन वर्षांनी वाढवलेली आहे, तेव्हा बिल शोधा.

इतर पर्यायांशी तुलना

विंडोजमधलं मेमरी डायग्नोस्टिक हाताशी असतं, पेनड्राइव्ह लागत नाही, सिक्युअर बूट बंद करावं लागत नाही. त्याने दोष दाखवला तर विश्वास ठेवा. त्याने काही दाखवलं नाही तर ठेवू नका. नेहमीच्या सेटिंगवर ते बरेच कमजोर दोष सोडून देतं. पासमार्कचं मेमटेस्ट८६ हे नावात सारखं असलेलं पण आता वेगळं, बंद स्रोताचं उत्पादन आहे. ते सिक्युअर बूट चालू असतानाही चालतं आणि अहवाल पेनड्राइव्हवर लिहून देतं, या दोन बाबतींत ते सरस. मोफत आवृत्तीत चार फेऱ्यांची मर्यादा आहे. एन्क्रिप्शन असलेल्या लॅपटॉपसाठी तेच घ्यावं. डेस्कटॉपवर, दिवसरात्र चालवायचं असेल तर प्लस.

प्लसची खरी उणीव अहवालाची. निकाल पेनड्राइव्हवर राहत नाही, त्यामुळे बंद करण्याआधी मोबाइलवर फोटो काढा: फेऱ्यांची संख्या, एरर, तापमान आणि रॅमचं मॉडेल एकाच फोटोत यावं. अनेक कंपन्यांच्या रॅमवर दहा वर्षांची किंवा मर्यादित आजीवन वॉरंटी असते आणि दावा करताना हाच फोटो कामाला येतो. जोडीतली एक खराब असली तरी दोन्ही पाठवाव्या लागू शकतात. दुरुस्तीला मशीन देणाऱ्यांनीही हा फोटो मागावा. "रॅम बदलली" असं बिलावर असेल तर आधीचा लाल आणि नंतरचा साफ, दोन्ही स्क्रीन दाखवणं कारागिराला जड नाही.

बदलल्यानंतर

नवी रॅम लावली की तिच्यावरही चार फेऱ्या लावा, कारण नवीन माल खराब निघू शकतो. मग विंडोजमध्ये सिस्टिम फाइल तपासणी आणि चेकडिस्क चालवा. खराब रॅमने जे लिहिलं ते डिस्कवर चुकीचंच लिहिलेलं असतं. टॅलीच्या डेटाचं काय, हा प्रश्न सर्वात शेवटी विचारला जातो आणि तोच पहिला हवा. त्रास सुरू होण्याच्या तारखेआधीचा बॅकअप दुसऱ्या, निरोगी मशीनवर उघडा. त्यानंतरच्या काळातली खाती, जीएसटीचे आकडे आणि स्टॉक छापील बिलांशी ताडून घ्या. मशीन बिघडलेलं असताना घेतलेले बॅकअप वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा आणि ही तपासणी होईपर्यंत जुने बॅकअप पुसू नका.